दाबायचं किती?

सायकलच्या टायरला टेकून फिरणारा बाटलीच्या आकाराचा डायनॅमो आता फारसा दिसत नाही. पण ज्यांनी तो वापरलाय, त्यांना त्याची खोड ठाऊक असेल. स्प्रिंग त्याचं छोटं खाचादार चाक टायरच्या कडेवर दाबून धरायची, टायर फिरला की ते चाक फिरायचं आणि दिवा लागायचा. पाऊस आला, टायर ओला झाला की चाक घसरायचं आणि नेमक्या अंधाऱ्या वळणावर दिवा मंद व्हायचा. त्यावर उपाय म्हणून डायनॅमो जास्त रेटून बसवला, तर दिवा नीट लागायचा, पण पायडल जड व्हायचं आणि टायरची कड खरवडून निघायची. कमी दाबलं तर घसरणार, जास्त दाबलं तर झिजणार. दात्यांशिवाय एका चाकाने दुसरं चाक फिरवायचं म्हटलं की ही अडचण येतेच. मोटारगाडीच्या इंजिनाची सगळी ताकद याच पद्धतीने पुढे न्यायचं ठरवलं, तरी प्रश्न हाच राहतो. फक्त आकडे हजारो पटींनी वाढतात.

अशा यंत्रणेला ट्रॅक्शन ड्राइव्ह म्हणतात. दोन गुळगुळीत, कडक केलेल्या पोलादी चाकांच्या कडा एकमेकींवर दाबून धरलेल्या असतात. एक चाक फिरलं की दुसरं फिरतं. मध्ये दाते नाहीत, साखळी नाही, पट्टा नाही. मध्ये असतं ते तेल, आणि या यंत्रातला सगळ्यात नवलाचा भाग तोच आहे. त्याकडे येतोच.

दात्यांच्या चाकांनी शेकडो वर्षं उत्तम काम केलं असताना हा खटाटोप कशासाठी? एक कारण म्हणजे दात्यांचं प्रमाण ठरलेलं असतं. वीस दात्यांचं चाक साठ दात्यांच्या चाकाला फिरवत असेल, तर वेग तिसऱ्या हिश्श्याला येणार, त्यात कमीजास्त काही नाही. गुळगुळीत कडा असल्या की मात्र स्पर्शबिंदू सरकवता येतो. चाकाच्या मध्याजवळ टेकवा, कडेजवळ टेकवा, प्रमाण हवं तसं बदलत जातं, तेही चालू यंत्रात, धक्का न देता. अमेरिकेत चार्ल्स हंट यांनी अशा वक्र तबकड्यांच्या यंत्राचं पेटंट १८७७ सालीच घेतलं होतं, म्हणजे मोटारगाडी रस्त्यावर येण्याआधी. दुसरं कारण आवाजाचं. प्रत्येक दाता दुसऱ्यात शिरताना आणि सुटताना बारीकसा ठोका देतो. मिनिटाला हजारो फेरे असले की त्या ठोक्यांची शीळ होते. शिवाय दोन दात्यांमध्ये थोडी फट ठेवावीच लागते. त्यामुळे दिशा उलटली की शाफ्ट क्षणभर मोकळा फिरतो. जिथे नेमकेपणा हवा, तिथे ही फट फार छळते. गुळगुळीत चाकांना ना ठोका, ना फट.

हे झाले फायदे. त्यांची किंमत किती, ते एका हिशेबावरून कळेल. समजा, स्पर्शबिंदूपाशी ५ सेंटिमीटर त्रिज्येच्या चाकाने १०० न्यूटन-मीटर एवढा पीळ पुढे द्यायचाय. एका लहान मोटारीच्या इंजिनाचा पीळ साधारण एवढाच असतो. म्हणजे स्पर्शबिंदूवर २००० न्यूटनची ओढ हवी. तेलातून मिळणारी ओढ म्हणजे दाबाचा एक छोटा हिस्सा असतो. चांगलं तेल असेल आणि घसरू नये म्हणून थोडी शिल्लक राखायची असेल, तर हा हिस्सा ०.०६ धरायचा. मग दाब किती हवा? २००० भागिले ०.०६, म्हणजे ३३ हजार न्यूटनच्या वर, सुमारे ३.४ टन. दोन मोठ्या मोटारींचं वजन एका स्पर्शबिंदूवर! आणि तो 'बिंदू' केवढा? एवढ्या दाबाखाली पोलादही किंचित चपटं होतं आणि साधारण २५ चौरस मिलिमीटरचा ठिपका तयार होतो, म्हणजे करंगळीच्या नखाहूनही लहान. त्या ठिपक्याच्या मध्यावरचा दाब २ गिगापास्कलच्या आसपास जातो, वातावरणाच्या दाबाच्या वीस हजार पट. जगातल्या सगळ्यात खोल सागरी गर्तेच्या तळाशी जो दाब असतो, त्याच्या हा जवळजवळ अठरापट.

मग तेल काढूनच टाकलं तर? कोरड्या पोलादाला कोरड्या पोलादावर कितीतरी जास्त पकड मिळते. आगगाडी त्यावरच चालते. पण तिथेही पकडीला मर्यादा आहे. कर्जत ते लोणावळा बोरघाटात चढ १:३७ आहे. तिथे पुण्याकडे येणाऱ्या गाड्यांना मागून ढकलायला जादा इंजिनं, म्हणजे बँकर लावावे लागतात. जादा इंजिनं म्हणजे जादा ताकद, आणि त्याबरोबर रुळावर दाबली जाणारी, ओढ देणारी जादा चाकं. रूळ ओला असला की इंजिन चाकांखाली वाळू सोडतं. रेल्वेला हे परवडतं, कारण चाकं झिजली की ती लेथवर पुन्हा कातून घेता येतात आणि मिनिटाला होणारे फेरे मोजकेच असतात. बंद पेटीतलं, मिनिटाला चार-चार हजार फेरे घेणारं चाक कोरडं चालवलं, तर काही तासांत त्याचा भुसा पडेल. धातूला धातू लागता कामा नये, तरीही ओढ मिळाली पाहिजे. दोन्ही अटी एकदम पाळायच्या तर मध्ये तेल हवंच.

इथे कुणालाही खटकेल. तेल आपण घालतो ते घसरावं म्हणून. मग पकड यावी म्हणून तेल कसं घालायचं?

या कोड्याचं उत्तर मिळायला बरीच वर्षं गेली. दोन गोल वस्तू एकमेकींवर दाबल्या की स्पर्शाचा ठिपका केवढा होतो आणि त्यावर दाब कसा पसरतो, हे गणित हाइनरिश हर्ट्झ यांनी १८८१ साली मांडलं. हे तेच हर्ट्झ, पुढे विद्युतचुंबकीय लहरींमुळे जगाला माहीत झालेले. त्या वेळी ते चोविशीतही पोहोचले नव्हते. तेलाचा थर भार कसा तोलतो, हे ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ साली सांगितलं. पुढे १९१६ साली एच. एम. मार्टिन या इंग्रज अभियंत्याने हे ज्ञान गियरच्या दात्यांना लावून पाहिलं आणि उत्तर विचित्र आलं. हिशेबाने तेलाचा थर इतका पातळ निघत होता, की दात्यांवरच्या बारीक खडबडीपुढे तो असून नसल्यासारखाच. म्हणजे गियर पटापट झिजायला हवे होते. प्रत्यक्षात मात्र नीट वंगण दिलेले गियर वर्षानुवर्षं चालत होते आणि त्यांच्या दात्यांवर यंत्रकामाच्या मूळ रेघाही शाबूत असत. हिशेब आणि अनुभव यांचा मेळ बसेना.

मेळ बसला तो १९४० च्या दशकात रशियात एर्टेल आणि ग्रुबिन यांच्या कामाने, आणि पुढे लीड्स विद्यापीठात डंकन डाउसन आणि गॉर्डन हिगिन्सन यांनी १९५९ पासून केलेल्या आकडेमोडीने. मार्टिनच्या हिशेबात दोन गोष्टी राहिल्या होत्या. दाबाखाली पोलाद चपटं होतं, त्यामुळे तेलाला आत शिरायला लांब, जवळजवळ समांतर वाट मिळते. आणि दाब वाढला की तेलाचा दाटपणा भरमसाट वाढतो. हा दाटपणा दुप्पट-चौपट वाढून थांबत नाही, लाखो पटींनी वाढतो. या दोन्हींमुळे अर्ध्या-एक मायक्रॉनचा थर टिकून राहतो. तो केसाच्या जाडीच्या साधारण शंभराव्या हिश्श्याएवढाच असतो, पण आरशासारख्या घासलेल्या पोलादाला अलग ठेवायला पुरतो.

ट्रॅक्शन ड्राइव्ह करणाऱ्यांना हवं होतं ते यात मिळालं. तेल ठिपक्यात शिरतं तेव्हा वाहतं असतं. आत वीस हजार वातावरणांचा दाब त्याच्यावर येतो आणि ते जवळजवळ काचेसारखं घट्ट होतं. त्याच क्षणी दोन्ही चाकांच्या पृष्ठांमध्ये ते एका घन थरासारखं काम करतं. एक पृष्ठ पुढे ओढलं की ओढ थरातून दुसऱ्या पृष्ठापर्यंत पोहोचते. वरच्या उदाहरणात या थराचा प्रत्येक चौरस मिलिमीटर सरासरी ८० न्यूटन ओढ सोसतो, म्हणजे आठ किलो वजनाएवढी. मग ठिपका ओलांडून बाहेर पडलं की दाब संपतो आणि ते पुन्हा तेल होऊन वाहू लागतं. पृष्ठाचा वेग सेकंदाला २० मीटर धरला, तर हे सगळं नाट्य सेकंदाच्या चार-हजाराव्या भागात उरकतं. तेलाचा कण न् कण पुन्हा पुन्हा घट्ट होतो आणि पातळ होतो. माझ्या मते इथे तेलाला वंगण म्हणणं अपुरं आहे. तो या यंत्राचा एक सुटा भागच आहे, फक्त दर क्षणाला नवा घडणारा.

म्हणून तेल कोणतं, याला इथे चाकाच्या मापाइतकंच महत्त्व. साध्या खनिज तेलातून मिळणारी ओढ दाबाच्या ०.०५ ते ०.०६ एवढी असते. अमेरिकेतल्या मोन्सँटो कंपनीने खास याच कामासाठी सँटोट्रॅक नावाची कृत्रिम तेलं बाजारात आणली. त्यांच्या रेणूंमध्ये कार्बनची मोठी, अवजड वलयं असतात. दाबाखाली ही वलयं एकमेकांत अडकतात आणि सहजी घसरत नाहीत. त्यामुळे ओढ ०.०९ ते ०.१ पर्यंत जाते. आकडा किरकोळ वाटेल, पण आधीचाच हिशेब पाहा. शिल्लक राखून ०.०९ च्या तेलात ३.४ टन दाबून भागत असेल, तर तेवढीच शिल्लक राखायला ०.०५ च्या तेलात सहा टनांच्या वर दाबावं लागतं. हा वाढीव दाब चाकांना किती महाग पडतो, ते धातूच्या थकव्यावरून कळतं.

जुनं बेअरिंग उघडून पाहिलं, तर ज्या वाटेवरून गोळ्या फिरतात तिथे कधी कधी खपली निघाल्यासारखा खड्डा दिसतो. आजूबाजूचा भाग लखलखीत असतो आणि मध्येच एक ओबडधोबड खळगा. मेकॅनिक म्हणतो, बेअरिंग गेलं. हे झिजणं नव्हे. प्रत्येक फेऱ्याला पृष्ठाच्या थोडं खाली धातूला पीळ बसतो आणि सुटतो. कोट्यवधी फेऱ्यांनंतर तिथे एखादा अशुद्ध कण असेल, तर त्याच्या कडेला भेग पडते, ती वर येते आणि खपली उडते. ट्रॅक्शन ड्राइव्हच्या चाकांचं मरण बहुधा असंच येतं. स्वीडनच्या लुंडबर्ग आणि पामग्रेन यांनी १९४० च्या दशकात घालून दिलेल्या नियमानुसार अशा स्पर्शाचं आयुष्य भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतं. भार दुप्पट झाला की आयुष्य आठव्या हिश्श्यावर येतं. ठिपक्यातल्या दाबाच्या भाषेत सांगायचं तर नियम आणखी निर्दय आहे. दाब दहा टक्के वाढला, तरी आयुष्य निम्म्याहून कमी. आता तेलांची तुलना पुन्हा करू. ०.०५ ऐवजी ०.०९ चं तेल वापरलं, तर भार १.८ पट कमी लागतो आणि आयुष्य जवळजवळ सहापट होतं. पोलाद तेच, माप तेच, फक्त तेल बदललं.

पोलादही अर्थात अतिशय स्वच्छ लागतं. निर्वातात वितळवून, ऑक्सिजन आणि कचरा काढून केलेलं पोलाद वापरलं की भेगेला सुरुवात करायला कण सापडत नाही. पण ते महाग असतं, आणि या तंत्राच्या इतिहासात किंमत वारंवार आडवी आलेली आहे.

आता मूळ प्रश्न: दाबायचं किती? सगळ्यात जास्त पीळ येईल तेव्हा लागेल तेवढा दाब स्प्रिंगने कायमचा देऊन ठेवला, तर घसरण्याची भीती नाही. पण मोटार आयुष्यातला बहुतेक वेळ अर्ध्याहून कमी ताकदीवर चालते. त्या सगळ्या काळात चाकं विनाकारण टनांचं ओझं सोसत बसतील, आणि घनाचा नियम ते विसरणार नाही. म्हणून दाब पिळाच्या प्रमाणात कमीजास्त व्हायला हवा. त्यासाठीची जुनी आणि सुंदर युक्ती म्हणजे लोडिंग कॅम. दोन चकत्या समोरासमोर ठेवायच्या, दोघींच्या तोंडांवर उताराच्या उथळ खाचा, आणि मध्ये रोलर. इंजिन एका चकतीला फिरवतं, दुसरी चाकाला जोडलेली असते. पीळ वाढला की पहिली चकती दुसरीच्या तुलनेत केसभर पुढे सरकते, रोलर उतारावर चढतात आणि चकत्या एकमेकींपासून दूर रेटल्या जातात. हा रेटाच चाकांना दाबतो. पीळ दुप्पट, तर रेटा दुप्पट. ना सेन्सर, ना पंप. उताराचा कोन नीट निवडला की यंत्र आपलं आपण ठरवतं, किती दाबायचं ते. मला या सगळ्या विषयात हा भाग सगळ्यात आवडतो.

तरीही एक शिल्लक राखावी लागते. तेल तापलं की त्याची ओढ घटते, म्हणून हिशेब सगळ्यात गरम तेलाचा धरायचा. उलट थंडीत हीच खास तेलं फार दाट होतात आणि सुरू होतानाच ताकद खातात. आणि पूर्ण घसरण मात्र कधीच होऊ द्यायची नसते. एकदा चाक सटकलं की ठिपक्यातलं तेल तापतं, तापलं की आणखी सटकतं, थर फाटतो आणि क्षणात पृष्ठ ओरखडून निघतं. दाते तुटले तर एक गियर जातो. इथे सगळी घासून चकचकीत केलेली पृष्ठंच वाया जातात.

चाकांचा आकार ठरवताना आणखी एक चोर सांभाळावा लागतो. ठिपका बिंदू नाही, त्याला लांबी-रुंदी आहे. दोन्ही पृष्ठांचे वेग ठिपक्याच्या मध्यावर जुळवले, तरी एका बाजूला एक पृष्ठ जरा पुढे आणि दुसऱ्या बाजूला जरा मागे पडू शकतं. म्हणजे ठिपका रुळता रुळता स्वतःभोवती पिळलाही जातो, टाचेवर गिरकी घेताना तळव्याखाली माती घासते तसा. याला स्पिन म्हणतात. त्यातून ओढ मिळत नाही, फक्त उष्णता मिळते. दोन्ही चाकांचे अक्ष आणि स्पर्शरेषा एकाच बिंदूत मिळतील अशी रचना केली, तर स्पिन शून्य होतो. मात्र प्रमाण बदलत ठेवायचं असेल, तर हे जमत नाही.

प्रमाण बदलणाऱ्या यंत्रांत सगळ्यात मान्यता मिळाली ती टोरॉइडल रचनेला. दोन तबकड्यांची अंतर्वक्र तोंडं समोरासमोर असतात, आणि त्या खोलगट जागेत रोलर. एका तबकडीवरून ओढ रोलरवर, रोलरवरून दुसरीवर. रोलर कलला की तो एका तबकडीला मध्याजवळ आणि दुसरीला कडेजवळ टेकतो. त्याला जोर लावून कलवत मात्र नाहीत. टनांच्या दाबाखाली ते अवघडच. त्याचा आधार मिलिमीटरच्या अंशाने बाजूला सरकवला, की तबकडीच्या गतीची दिशा आणि रोलरची दिशा किंचित बिघडते आणि रोलर आपोआप नव्या जागी वळत जातो. पूर्ण टोरॉइडमध्ये रोलरवरचे दाब समोरासमोर तोलले जातात, पण स्पिन जास्त होतो. अर्ध्या टोरॉइडमध्ये स्पिन कमी, पण रोलर बाहेर फेकला जाऊ पाहतो आणि तो थोपवायला मागे भक्कम बेअरिंग लागतं.

ऑस्टिन कंपनीने १९३० च्या दशकात हेज नावाच्या रचनेची अशी यंत्रणा काही मोटारींत विकून पाहिली होती. तिला खरी संधी मिळाली १९९९ साली जपानमध्ये. निसानने सेड्रिक आणि ग्लोरिया या मोटारींत एक्स्ट्रॉइड नावाची अर्ध-टोरॉइडल यंत्रणा दिली. चाकं आणि बेअरिंग एनएसके कंपनीची, तेल इदेमित्सू कंपनीचं. तीन लिटरचं टर्बो इंजिन आणि सुमारे ३९० न्यूटन-मीटरचा पीळ. तेव्हाचे पट्ट्याचे सीव्हीटी, म्हणजे पट्ट्याने प्रमाण अखंड बदलणारे गियरबॉक्स, एवढ्याला सहसा पुरे पडत नसत. दोन पोकळ्या पाठीला पाठ लावून ठेवल्या होत्या, म्हणजे दोन्हीकडचा प्रचंड रेटा एकमेकांना तोलून धरेल आणि बाहेरच्या पेटीवर येणार नाही. यंत्र चाललं. तरी काही वर्षांत निसानने ते बंद केलं. खास पोलादाच्या, आरशासारख्या घासलेल्या त्या तबकड्या महाग पडत होत्या, आणि तोवर साधे ऑटोमॅटिक गियरबॉक्स सहा-सात गियरांपर्यंत सुधारले होते. मला वाटतं, तांत्रिक कसोटीला ते उतरलं होतं. बाजाराच्या हिशेबात बसलं नाही.

या यंत्राची एक उणीव कोणत्याही तेलाने भरून निघत नाही. ओढ मिळायची तर तेलाच्या थराला किंचित सरकावंच लागतं, साधारण एखाद-दुसरा टक्का. त्यामुळे वेगाचं प्रमाण कधीच पूर्ण नेमकं नसतं. इंजिनाच्या झडपा पिस्टनच्या तालावर उघडायच्या असतात. तिथे दाते किंवा साखळीच हवी.

ट्रॅक्शन ड्राइव्हची हक्काची जागा कुठे, हे मला त्याच जुन्या हिशेबात दिसतं. ताकद म्हणजे ओढ गुणिले वेग. आपल्या उदाहरणात २००० न्यूटन आणि सेकंदाला २० मीटर, म्हणजे ४० किलोवॅट. तीच ताकद दुप्पट वेगाने न्यायची, तर ओढ निम्मी लागते, दाब निम्मा लागतो आणि फेऱ्यांतलं आयुष्य आठपट होतं. फेरे दुप्पट झाले हे धरूनही तासांत चौपट. वेग जितका जास्त, तितकं हे यंत्र सुखात. नासाच्या लुईस संशोधन केंद्रात स्टुअर्ट लोवेन्थाल आणि सहकाऱ्यांनी याच दिशेने काम केलं. अल्गिर्दास नास्व्हिटिस यांच्या अनेक रोलर असलेल्या, ठरलेल्या प्रमाणाच्या रचनेची त्यांनी मिनिटाला ७३,००० फेऱ्यांपर्यंत आणि १८० किलोवॅटपर्यंत चाचणी घेतली. एकाच मोठ्या ठिपक्याऐवजी भार अनेक ठिपक्यांत वाटला होता. लोवेन्थाल आणि एर्विन झारेट्स्की यांनी १९८५ साली नासासाठी लिहिलेली ट्रॅक्शन ड्राइव्हच्या रचनेवरची पुस्तिका या विषयात शिरणाऱ्याने आजही वाचावी अशी आहे. डेन्मार्कची रोट्रेक्स कंपनी मोटारींचे सुपरचार्जर अशाच ग्रहमालेसारख्या रोलरांनी फिरवते. मिनिटाला लाखाच्या पुढे फेरे, आणि दात्यांची शीळ नाही.

विजेच्या मोटारींत हाच वेगाचा आणि आवाजाचा प्रश्न पुन्हा उभा राहतोय. मोटर जितकी जलद फिरेल तितकी ती लहान आणि हलकी करता येते, म्हणून वीस हजार फेऱ्यांच्या आणि त्यापुढच्या मोटरी येत आहेत. इंजिनाचा आवाज नसल्यामुळे गियरची शीळ आत बसणाऱ्यांना स्पष्ट ऐकू येते. तिथे पहिली, अतिवेगाची पायरी रोलरांनी उतरायची आणि वेग कमी होऊन पीळ वाढला की पुढची पायरी दात्यांवर सोपवायची, ही मांडणी मला सगळ्यात शहाणी वाटते. पहिल्या पायरीवर ओढ कमी, म्हणून दाबही कमी. दुसऱ्या पायरीवर टनांचा दाब लागला असता, तिथे दाते आहेत.